पान उलटं करून बघा

आषाढ संपत आला की आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या अंगणात फरशीच्या फटींतून, नळाच्या कडेला, तुळशीच्या कुंडीतसुद्धा काविळीवरचं घरगुती औषध मानला जाणारा भुईआवळा उगवतो. आणि दरवर्षी त्याच सुमाराला या सदराकडे यकृताची पत्रं यायला लागतात. यंदाच्या पत्रांतली तीन घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर बरंच लांबलं, पण त्यातलं काही गाळावंसं वाटलं नाही.

प्रश्न : वैद्यताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ५४, वजन ८२ किलो, बँकेत नोकरी. कंपनीच्या तपासणीत सोनोग्राफी झाली, त्यात 'ग्रेड टू फॅटी लिव्हर' निघालं. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, ७८. दारूला मी कधी हात लावलेला नाही. मेव्हण्यांनी एक चूर्णाचा डबा आणून दिलाय. त्यावर 'शक्तिशाली अँटीऑक्सिडंट, यकृताचं संपूर्ण रक्षण' असं छापलंय आणि आत कुटकी, भुईआवळा, काळमेघ, पुनर्नवा, गुळवेल, हळद, मिरी धरून अकरा वनस्पती आहेत. शिवाय सौ. रोज सकाळी गुळवेलीचा काढा देते. साखरेची आणि कोलेस्टेरॉलची गोळी आधीपासून चालू आहे. सगळं झाडपाल्याचंच आहे, तेव्हा अपाय तर होणार नाही ना? आणि हे अँटीऑक्सिडंट म्हणजे असतं तरी काय?
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : तुम्ही माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आहात, म्हणून थोरल्या बहिणीच्या हक्काने सांगते. डबा आणि काढा, दोन्ही आजच बंद करा. का, ते आता सविस्तर.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न. जुन्या तेलात तळलेली शेव डब्यात महिनाभर पडून राहिली की खवट होते. तो वास इंदूरकराला समजावून सांगावा लागत नाही. तेलातल्या एका कणाला हवेतल्या प्राणवायूने बिघडवलं, त्याने शेजारच्याला बिघडवलं, आणि बघता बघता ती साखळी डबाभर पसरली. आपल्या पेशीचं आवरणही स्निग्ध पदार्थांचंच असतं आणि तिथेही अशी खवटपणाची साखळी सुरू होऊ शकते. ती सुरू करणाऱ्या कणांना फ्री रॅडिकल म्हणतात. साखळी तोडणारं द्रव्य ते अँटीऑक्सिडंट. यकृतात हे कण जास्त तयार होतात, कारण औषधं, दारू, विषं मोडायचं काम तिथे अहोरात्र चाललेलं असतं.

पण यकृत स्वतःचं अँटीऑक्सिडंट स्वतःच बनवतं, ही गोष्ट डब्यावर कुणी छापत नाही. त्याचं नाव ग्लुटाथायोन. पॅरासिटामॉलची गोळी घेतली की तिचा थोडासा भाग यकृतात विषारी होतो आणि ग्लुटाथायोन त्याला जागच्या जागी निकामी करतं. एकाच वेळी खूप गोळ्या पोटात गेल्या तर ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. त्यावरचा उतारा म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन. तो यकृताला ग्लुटाथायोन बनवायचा कच्चा माल पुरवतो आणि आठ तासांच्या आत मिळाला तर माणूस बहुधा वाचतो. यकृताच्या रक्षणाचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. तिथे विष कोणतं ते ठाऊक असतं, किती पोटात गेलं ते रक्तात मोजता येतं आणि औषध घड्याळ लावून दिलं जातं.

आता डब्यातल्या वनस्पती. मी अठ्ठावीस वर्षं आयुर्वेद महाविद्यालयात द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांचं शास्त्र, शिकवलं, विद्यार्थ्यांचे यकृतावरचे प्रबंध तपासले. बहुतेकांची रीत एकच. उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड द्यायचं, हे एकेकाळी कपडे ड्रायक्लीन करायला आणि आग विझवायला वापरत. त्याने उंदराचं यकृत बिघडतं, एसजीपीटी चढतो. ज्या उंदरांना वनस्पतीचा अर्क दिलेला असतो त्यांचा कमी चढतो. कुटकीत हे दिसलंय, काळमेघात दिसलंय, माक्यात, शरपुंख्यात, पुनर्नव्यात दिसलंय. ते खोटं नाही. पण अर्क बहुतेक वेळा विषाच्या आधी काही दिवस दिलेला असतो. माझ्याकडे येणारा माणूस आजार झाल्यावर येतो. दुसरं असं की कार्बन टेट्राक्लोराइडला खरं घातक बनवतं यकृतातलंच एक विकर (एन्झाइम). वनस्पतीने त्या विकराला अडवलं तरी यकृत वाचलेलं दिसणार आणि प्रबंधात त्याचं श्रेय अँटीऑक्सिडंटला जाणार. हा प्रश्न मी प्रत्येक तोंडी परीक्षेत विचारायची, आणि फार थोड्या मुलांनी त्याचा आधी विचार केलेला असायचा.

माणसांवरचा पुरावा थोडा आहे, पण आहे. विषाणूजन्य कावीळ झालेल्या रुग्णांवर कुटकीच्या मुळाचं चूर्ण दोन आठवडे देऊन पाहिल्याचं मुंबईचं काम १९९६ साली प्रसिद्ध झालं. १५ जणांना कुटकी, १८ जणांना निव्वळ दिखाऊ औषध. कुटकीवाल्यांची कावीळ लवकर उतरली. मला त्या कामाबद्दल आदर आहे, पण पंधरा माणसांवरून मी तुम्हाला शब्द देऊ शकत नाही. युरोपातल्या मिल्क थिसलच्या बियांतलं सिलिमारिन हे यकृताचं सगळ्यात गाजलेलं वनस्पती-औषध. विषारी अळंबी खाल्लेल्यांना त्यातलाच सिलिबिनिन शिरेतून देतात. तेच सिलिमारिन हेपटायटिस-सीच्या १५४ रुग्णांवर मोठ्या मात्रेत तपासलं गेलं. २०१२मध्ये निष्कर्ष आला की एसजीपीटीत फरक नाही.

फॅटी लिव्हरमध्ये अँटीऑक्सिडंटचा खरा उपयोग दिसलाय तो ई-जीवनसत्त्वाचा. २०१०च्या अमेरिकी अभ्यासात, मधुमेह नसलेल्या आणि यकृताचा तुकडा काढून आजाराची खात्री झालेल्या रुग्णांना ते ९६ आठवडे दिलं. सुधारले ४३ टक्के, दिखाऊ गोळीवर सुधारले १९ टक्के. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात ई-जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग थोडा जास्त आढळला. तुम्हाला साखर आहे, तुम्ही पुरुष आहात. म्हणून तेही दुकानातून स्वतःहून आणू नका.

आता गुळवेल. हे लिहिताना हात जड होतो.

२०२०च्या दिवाळीनंतर माझ्या आईला मी रोज गुळवेलीचा काढा देत होते. करोनाचे दिवस, घराघरांत तेच चाललं होतं. वेल आमच्या परसातली, निंबावर चढलेली, आणि निंबावरची गुळवेल सर्वोत्तम हे मी वर्गात शंभरदा सांगितलेलं. ओळखण्यात चूक असणं शक्य नव्हतं. हृदयाच्या आकाराचं पान, कागदासारखी सुटणारी साल, कांडं आडवं कापलं की दिसणारं चाक, सगळं मी माझ्या हाताने पाहिलेलं. सहाव्या आठवड्यात आईला जेवण नकोसं झालं. मग एका सकाळी खिडकीच्या उजेडात तिचे डोळे पिवळे दिसले. एसजीपीटी नऊशेच्या वर. ज्या तज्ज्ञांकडे नेलं त्यांनी हेपटायटिसचे ए, बी, सी, ई सगळे विषाणू तपासले, काही निघालं नाही. मग त्यांनी विचारलं, "काही आयुर्वेदिक चालू आहे का?" मी माझं शिक्षण त्यांना सांगितलं नाही. काढा बंद केला. दोन महिन्यांनी आईचे रिपोर्ट पूर्ववत झाले. तिला थायरॉइडचा जुना आजार होता, एवढं इथे नोंदवून ठेवते.

पुढच्या वर्षी, २०२१मध्ये, मुंबईच्या यकृततज्ज्ञांचा लेख आला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत त्यांनी गुळवेल घेणारे असे सहा रुग्ण पाहिले होते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं चित्र, आणि काहींना आधीपासून थायरॉइड किंवा मधुमेह. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की वनस्पती नीट ओळखलेली नाही, गुळवेल सुरक्षित आहे. २०२२मध्ये देशातल्या तेरा केंद्रांतल्या ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. मंत्रालयाच्या हरकतीत तथ्य असू शकतं. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल बाजारात येते, हे मीही शिकवायची. पण माझ्या आईच्या पेल्यात ती दुसरी वेल नव्हती. गुळवेल घेणाऱ्या लाखो लोकांना काहीही होत नाही आणि थोड्यांना होतं. कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. तुम्हाला मधुमेह आहे, यकृत आधीच सुजलेलं आहे. मी तुमच्यावर ती परीक्षा करणार नाही.

हळद-मिरीचंही तेच. भाजी-आमटीतली हळद निर्धास्त खा. पण मिरीतल्या पायपेरीनमुळे हळदीतलं कर्क्युमिन रक्तात कित्येक पटींनी जास्त उतरतं. हे १९९८ साली बंगळूरच्याच संशोधकांनी दाखवलं, आणि म्हणूनच आता हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरी घालतात. अशा कॅप्सूलींनी यकृताला सूज आल्याची उदाहरणं अमेरिकेत आणि इटलीत नोंदली गेली आहेत. शिवाय पायपेरीन औषधं मोडणारी विकरंही अडवतं. तुमची कोलेस्टेरॉलची गोळी त्याच वाटेने मोडत असेल तर तिची मात्रा न वाढवताच वाढल्यासारखी होते. गोळ्या मात्र माझं वाचून थांबवू नका.

आपल्या नीमचच्या मंडीत पोत्यांनी येणारी अश्वगंधा आठवते? आपल्या माळव्याचं पीक. तिच्यामुळेही यकृताचे त्रास नोंदले गेले, आणि डेन्मार्कने तर २०२३ साली, थायरॉइड आणि संप्रेरकांवरच्या परिणामांच्या भीतीने, ती विकायलाच बंदी घातली. बंदी घालावी असं मला वाटत नाही. पण जी वनस्पती शरीरात काही घडवू शकते ती बिघडवूही शकते, हे मानल्याशिवाय तिला औषध म्हणता येत नाही. अकरा वनस्पती एकत्र घेतल्या आणि काही बिनसलं तर कोणत्या एकीने बिनसवलं हे शोधायचं कसं? डब्यावर प्रत्येकीचं नाव आहे, वजन एकीचंही नाही.

मग करायचं काय? महिनाभर कोणतंही चूर्ण किंवा काढा न घेता, नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून, एसजीपीटी पुन्हा तपासा. तो खाली आला तर तो तुमच्या यकृताचा आणि काढा बंद केल्याचा परिणाम समजा. सहा किलो वजन उतरवा, घाई न करता, सहा-आठ महिन्यांत. वजन पाच टक्के उतरलं की यकृतातली चरबी घटते, सात ते दहा टक्क्यांवर सूजही उतरते. डब्यातल्या कोणत्याही वनस्पतीच्या बाजूने इतका पुरावा नाही. सकाळच्या पोह्यांवर शेव मुठीने पडते ती चमच्याने घ्या. शिकंजी आणि जिलेबी सणाला. रात्री साडेदहाला सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाणं हे जेवणानंतरचं जेवण असतं, ते महिन्यातून एकदा. बिनसाखरेची कॉफी आवडत असेल तर जरूर प्या. नियमित कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे आजार कमी दिसतात. सौ.ना सांगा की काढ्यासाठी उठायची ती वेळ दोघांनी पिपल्यापाल्याच्या बागेतल्या फेरीला द्यावी. त्यांनी काढा मायेने दिला, मीही आईला मायेनेच दिला होता. त्यांना बोल लावू नका.

प्रश्न : ताई, माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला कावीळ झालीय. हेपटायटिस-ए आहे आणि काळजी नको, असं डॉक्टर म्हणाले. पण सासूबाई म्हणतात की गळ्यात काविळीची माळ घाला. ती जशी लांब होत जाते तशी कावीळ उतरते. शेजारच्या काकू महूच्या बाजूला एक जण चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ काढतो तिथे न्यायचं म्हणताहेत. शिवाय घरात हळद, तेल, तूप बंद करून फक्त उसाचा रस चालू आहे.
— राजेंद्रनगरची एक आई

उत्तर : डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. लहान मुलांची ए-प्रकारची कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. म्हणूनच तिच्यावरचा प्रत्येक उपाय गुणकारी ठरतो! माळ ही वनस्पतीच्या ओल्या कांड्यांची असते. कांड्या सुकून बारीक होतात, दोऱ्याचे फास सैल होतात, माळ लोंबत जाते. निरोग्याच्या गळ्यात घाला, तरी लांबेल. सासूबाईंचं मन राहत असेल तर घालू द्या, माळेने काही बिघडत नाही. चुन्याच्या पाण्यावाल्याकडे मात्र नेऊ नका. पाणी पिवळं होतं ते हाताला आधी लावलेल्या झाडाच्या रसामुळे, आणि तिथे बहुतेकदा पोटातही काहीतरी पाजतात. सुजलेल्या यकृताला अनोळखी मुळीचा रस नको. हेच पोटात घ्यायच्या दुसऱ्या कोणत्याही चूर्ण-गोळीला लागू. आरोग्यवर्धिनी घरी पडलेली असेल तरी देऊ नका. त्यात कुटकी आहे, तसाच पारा, गंधक आणि तांब्याचं भस्मही आहे. ती वैद्याने बघून द्यायची गोष्ट आहे.

हळद पिवळी म्हणून कावीळ वाढत नाही. ती परत सुरू करा, आणि भातावर चमचाभर तूपही वाढा, पोराला ताकद हवी आहे. गाडीवरचा उसाचा रस आजच थांबवा. त्यातलं बर्फ आणि पाणी हीच या काविळीची वाट असते. पाणी उकळून, आणि संडासहून आल्यावर साबण, घरातल्या सगळ्यांना. मूल जास्त झोपू लागलं, बरळलं, उलट्या थांबेनात किंवा नाकातून, हिरड्यांतून रक्त आलं तर मध्यरात्र असली तरी थेट रुग्णालयात न्या. ताप आला तर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, वजनाच्या हिशोबानेच. घरात कोणी गरोदर असेल तर त्यांनाही डॉक्टरांना भेटायला सांगा. ई-प्रकारची कावीळ गरोदरपणी फार वाईट असते, आणि दोन्ही प्रकार पाण्यातूनच येतात.

प्रश्न : आमची आजी काविळीत भुईआवळ्याचा रस ताकातून द्यायची. आता अंगणात तो आपोआप उगवलाय. ठेवू का? आणि हाच तो, हे ओळखायचं कसं?
— रामबागेतल्या एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : ठेवा की! तुमच्या आजी देत होत्या ते जुन्या परंपरेला धरूनच होतं. पोटातून लगेच सुरू करा असं मी म्हणणार नाही, वर का ते लिहिलंय. पण या इवल्या झाडाची हकीकत मोठी आहे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी हेपटायटिस-बीचा विषाणू अंगात बाळगणाऱ्यांना महिनाभर वाळवलेल्या भुईआवळ्याचं चूर्ण दिलं. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण नाहीशी झाली, दिखाऊ औषधावरच्या २३ पैकी एकाचीच. जगभर खळबळ झाली, आणि या कामात हेपटायटिस-बीचा शोध लावणारे नोबेल विजेते ब्लुमबर्गही होते. मग थायलंडमध्ये, हॉलंडमध्ये तसंच करून पाहिलं, आणि तो परिणाम कुणाला पुन्हा दिसला नाही. वनस्पती वेगळी होती, की माती, की काढणीचा महिना, यावर आम्ही शिक्षकांनी कितीतरी दुपारी वाद घातले. मला आजही वाटतं की त्या झाडात काहीतरी आहे आणि ते शोधायचं काम अर्धवट राहिलंय.

ओळखायला सोपं आहे, फक्त वरून बघू नका. आवळ्याच्या पानासारखी दिसणारी बारकी फांदी बोटावर घ्या आणि उलटी करा. पानांच्या खाली, ओळीने, मोहरीएवढी फळं लोंबताना दिसतील. फळ गुळगुळीत असेल, त्याला बारीक देठ असेल आणि खोड हिरवं असेल तर तो आपला भुईआवळा. फळ खरखरीत, फांदीला चिकटून बसलेलं आणि खोड लालसर असेल तर ते त्याचं भावंड, हा भुईआवळा नव्हे. संध्याकाळी दोघंही पानं मिटून झोपतात, तेव्हा सकाळी बघा. शंका राहिली तर फोटो पाठवा, पण पान उलटं करून काढलेला.